नवं परिपत्रक, नवा पासवर्ड आणि टेबलाचा चार्ज: विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक

विद्यापीठात धोरण बदललं की ते कर्मचाऱ्यापर्यंत तीन वाटांनी येतं: संकेतस्थळावरचं परिपत्रक, टपालातून आलेली प्रत आणि विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेली पीडीएफ. तिसरी वाट सगळ्यात वेगवान, म्हणून फसवणाऱ्यांनाही तीच आवडते. मुंबईत फोर्ट असो, कलिना असो, चर्चगेट असो की उपनगरातलं एखादं अनुदानित महाविद्यालय, साडेदहाला ग्रुपवर ‘अतितातडीचे’ असं काही आलं की पावणेअकराला निम्म्या विभागाने ते उघडलेलं असतं.

संगणकाची सुरक्षा म्हटलं की सगळे आयटी सेलकडे बोट दाखवतात. माझ्या मते विद्यापीठात हा विषय आधी आस्थापना विभागाचा, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बदल्यांची नोंद ठेवणाऱ्या विभागाचा आहे. कोणत्या टेबलावर कोणता अधिकार, तो कुणाच्या नावावर, आणि माणूस बदलल्यावर तो कुणाकडे गेला, याची नोंद जिथे चोख असते तिथे गडबड झाली तरी ती एका टेबलापुरती राहते. जिथे नोंद नसते तिथे महागातली यंत्रणाही कामाला येत नाही. पुढच्या पायऱ्या याच अंगाने लिहिल्या आहेत. पहिल्या तीन प्रत्येकाने स्वतःपुरत्या करायच्या, चौथी विभागाने मिळून करायची, आणि सातवी आजच छापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची.

पायरी पहिली: परिपत्रक आधी ओळखा, मग पाळा

शासन निर्णय ओळखणं सगळ्यात सोपं. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाच्या शेवटी १८ अंकी संकेतांक असतो आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केलेला असतो. संकेतांकाचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. ग्रुपवर आलेल्या प्रतीवरचा संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकायचा आणि तिथून उतरवलेली प्रत शेजारी ठेवून वाचायची. नुसता संकेतांक सापडला म्हणून निर्धास्त होऊ नका. खऱ्या निर्णयाचा आकडा खोट्या मजकुराखाली चिकटवणं काही अवघड नाही. मजकूर जुळला तरच निर्णय खरा.

विद्यापीठाच्या परिपत्रकात जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ आणि सही पाहायची. त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहायची: सही योग्य माणसाची आहे का? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक यांची कामं वेगवेगळी नेमून दिली आहेत. पगाराच्या खात्याबद्दलचं पत्र परीक्षा भवनाच्या लेटरहेडवर आलं, किंवा उत्तरपत्रिका तपासणीचा पासवर्ड बदलायला लेखा विभाग सांगू लागला, तर तिथेच थांबावं.

भाषेतल्या धमकीवरून मात्र काही ठरवू नका. ‘अन्यथा शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल’ हे वाक्य खऱ्या परिपत्रकातही असतं. आपल्याकडे त्याशिवाय परिपत्रक पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. फरक मागणीत असतो. खरं परिपत्रक विहित नमुन्यात, विभागप्रमुखांमार्फत, अमुक तारखेपर्यंत माहिती मागतं. खोटं पत्र लिंक उघडून पासवर्ड टाकायला सांगतं, ओटीपी मागतं किंवा मोबाइलवर फाईल बसवायला लावतं. फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, म्हणजे ती मोबाइलवर ॲप बसवणारी फाईल असेल, तर नाव काहीही असो, वेतन आयोगाचा तक्ता, ई-चलन किंवा सहकाऱ्याच्या मुलीची लग्नपत्रिका, ती उघडायची नाही. पत्रिका पाहण्यासाठी ॲप बसवावं लागत नाही.

शंका आली तर फोन करा, पण पत्रात दिलेल्या नंबरवर नको. विद्यापीठाच्या दूरध्वनी सूचीतला नंबर किंवा इंटरकॉम वापरा. ग्रुप ॲडमिनला विचारून उपयोग नाही. त्यालाही ते कुठून तरी फॉरवर्डच झालेलं असतं.

परिपत्रक खरं ठरलं की चार गोष्टी टिपून घ्या: अंमल कधीपासून, आधीचं कोणतं परिपत्रक अधिक्रमित झालं (याने कुणाची जागा घेतली), कुणाला लागू आणि माहिती कुणाकडे द्यायची. ‘सर्व कर्मचारी’ या शब्दांत कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आणि एजन्सीमार्फत आलेले शिपाई येतात की नाही, हे अनेकदा स्पष्ट नसतं. लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. समाजमाध्यमांच्या वापराबाबत राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये काढलेला निर्णय हे चांगलं उदाहरण. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद टाकू नका, अशा सूचना त्यात आहेत. आपल्या विद्यापीठाने तो आपल्यासाठी कोणत्या पत्राने लागू केला, हे पत्र हातात असलेलं बरं.

पायरी दुसरी: स्वतःचं खातं बंदिस्त करा

पासवर्ड लांब असावा, दुसरीकडे वापरलेला नसावा, हे सगळ्यांना पाठ आहे. विद्यापीठातली खास अडचण निराळी आहे. आपली सेवाज्येष्ठता यादी. तिच्यात नाव, जन्मतारीख, रुजू दिनांक, पद आणि प्रवर्ग असं सगळं असतं आणि ती बहुधा संकेतस्थळावर पडलेली असते. म्हणजे जन्मतारखेवरून किंवा रुजू झालेल्या वर्षावरून बेतलेला पासवर्ड तुम्ही स्वतःच प्रसिद्ध केल्यात जमा आहे. ई-आधारच्या पीडीएफचंही तसंच. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. ‘फाईल लॉक आहे, पाठवायला हरकत नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

मग काय करायचं? एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून पासवर्ड करा. तो लक्षात राहतो आणि अंदाजाने सापडत नाही. त्यानंतर दुहेरी पडताळणी सुरू करा. एसएमएसवर येणाऱ्या कोडपेक्षा फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप बरं, कारण सिमकार्ड दुसऱ्याच्या नावाने काढून घेण्याचे प्रकार होतात. ज्यांना ॲप जमत नाही त्यांनी एसएमएसवर का होईना, पण सुरू करावंच. पडताळणी चालू करताना मिळणारे राखीव कोड कागदावर उतरवून घरी ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको.

आता खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तपासा. बंद केलेला नंबर कमीत कमी ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. कंपनी बदलताना जुना नंबर सोडून दिलेल्यांची संख्या आपल्याकडे कमी नाही. मेल, सेवार्थ (पगार बिलांची शासकीय प्रणाली), बँक आणि आधार या चारही ठिकाणी आज हातात असलेला नंबरच आहे ना, हे एकदा बसून बघा. मेलच्या सेटिंगमध्ये ‘फिल्टर’ आणि ‘फॉरवर्डिंग’ हे दोन भागही उघडा. आपण न बनवलेला नियम तिथे दिसला, म्हणजे अमुक शब्द असलेले मेल आपोआप कचऱ्यात किंवा भलत्याच पत्त्यावर जात असतील, तर खात्यात कुणीतरी शिरलेलं आहे असं समजा आणि थेट सातव्या पायरीकडे जा.

जिथे हजेरी आधारशी जोडलेल्या यंत्रावर होते, तिथल्यांसाठी एक गोष्ट. बोटांच्या ठशांवरून पैसे काढण्याच्या फसवणुकीपासून वाचण्यासाठी आधारचे बायोमेट्रिक लॉक करणं चांगलंच, पण ते लॉक असताना आधारशी जोडलेलं हजेरी यंत्र ठसा स्वीकारणार नाही. मग लेटमार्क लागतो आणि भांडण सुरू होतं. आपलं यंत्र आधारशी जोडलेलं आहे की नुसतं स्थानिक ठसे साठवणारं, हे विचारून घेऊन मगच लॉक करा.

पायरी तिसरी: पगाराच्या खात्यापाशी सावध राहा

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या विद्यापीठांवर झालेल्या हल्ल्यांची माहिती प्रसिद्ध केली. पद्धत साधी होती. कर्मचाऱ्याला बनावट मेल पाठवून त्याच्या खात्यात शिरायचं, पगाराच्या प्रणालीत बँक खातं बदलायचं, आणि बदलाची सूचना देणारा मेल त्याला दिसू नये म्हणून तो परस्पर पुसणारा नियम मेलपेटीत बसवून ठेवायचा. तीन विद्यापीठांतली ११ खाती ताब्यात घेऊन त्यांवरून २५ विद्यापीठांतल्या सुमारे ६,००० पत्त्यांवर मेल पाठवले गेले होते. पगार जमा झाला नाही की मगच कळणार.

आपल्याकडे पगार बिलं एचटीई सेवार्थ (उच्च व तंत्रशिक्षण विभागाची सेवार्थ) सारख्या प्रणालीतून आणि आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या, म्हणजे पगाराची रक्कम काढून वाटायचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या, सहीने जातात, त्यामुळे कर्मचाऱ्याला स्वतःचं खातं परस्पर बदलता येत नाही. ही मोठी सोय आहे, आणि ती कटकट आहे म्हणून बाजूला सारू नये. कमकुवत जागा आहे ती पगार लिपिकाच्या टेबलावर. ‘माझं खातं बदललं आहे, या महिन्यापासून नव्या खात्यात पगार टाका’ असा मेल किंवा व्हॉट्सॲप संदेश सहकाऱ्याच्या नावाने आला, सोबत रद्द केलेल्या धनादेशाचा फोटो जोडलेला असला, की भल्या मनाचा लिपिक ते काम करून टाकतो.

पगार लिपिकाने पाळायचा नियम एवढाच: खातं बदलायचा अर्ज कागदावर, विभागप्रमुखांच्या शिफारशीसह, आवक नोंद होऊन यायला हवा. त्यानंतर सेवापुस्तकात किंवा आस्थापनेत नोंदलेल्या जुन्या नंबरवर फोन करून त्या माणसाच्या तोंडून खात्री करायची. फोनची तारीख-वेळ अर्जावरच लिहायची. महिनाअखेरीस, बिल पाठवायच्या आदल्या दिवशी आलेला असा अर्ज पुढच्या महिन्यावर टाकायचा. कुणी घाई करत असेल तर आणखी शंका घ्यायची. कर्मचाऱ्यानेही पगारपत्रक नुसतं निव्वळ रकमेसाठी न बघता त्यावरच्या खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहावेत.

पायरी चौथी: टेबल बदलताना संगणकाचा चार्जही द्या-घ्या

बदली झाली, पदोन्नती झाली किंवा निवृत्ती आली की आपण कार्यभार हस्तांतरणाचा कागद करतो. त्यात कपाटाच्या चाव्या, नस्त्या, शिक्के, रोख असेल तर रोख, सगळं लिहिलेलं असतं. लॉगिनचा उल्लेख क्वचितच. पासवर्ड तोंडी सांगितला जातो, किंवा मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर असतो, आणि तोच पासवर्ड तीन अधीक्षक बदलले तरी तसाच चालू राहतो.

यात धोका चोरीपुरता नाही. उद्या त्या लॉगिनवरून गुण बदलले गेले, तर नोंदीत नाव तुमचं निघेल. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६क (इंग्रजी अनुक्रमातलं ‘सी’) प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही अप्रामाणिकपणे वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दुसऱ्याने वापरली हे सिद्ध करण्याची धावपळ तुमच्याच वाट्याला येते, आणि ती चौकशी समितीसमोर.

चार्जच्या कागदात म्हणून एक स्वतंत्र परिशिष्ट जोडा. त्यात कोणत्या प्रणालीत लॉगिन आहे, अधिकार कोणता (फक्त पाहणे, भरणे की मंजूर करणे), ते कुणाच्या नावावर आणि कोणत्या नंबरवर ओटीपी येतो, हे लिहा. पासवर्ड लिहू नका. जाणाऱ्याचं लॉगिन बंद करून येणाऱ्याच्या नावाने नवं उघडायचं, हे आयटी सेलला त्याच दिवशी पत्राने कळवा. प्रणालीत ‘सेक्शन१’ असं सामाईक लॉगिनच असेल आणि नवं मिळतच नसेल, तर पासवर्ड आणि जोडलेला नंबर चार्जच्या दिवशी, दोघांच्या समोर बदलायचा आणि वेळ लिहून दोघांनी सही करायची.

हमखास राहून जाणाऱ्या काही गोष्टी.

डिजिटल सहीचं टोकन. साहेबांच्या सहीचं हे छोटं यंत्र अनेक ठिकाणी लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये असतं आणि त्यावरच पिन चिकटवलेला असतो. ती सही कागदावरच्या सहीइतकीच बांधून ठेवते. टोकन ज्याचं त्याच्या कुलपात ठेवा, काम असेल तेव्हा त्यानेच लावावं. अधिकारी बदलला की प्रमाणपत्र रद्द करून घ्या. नुसतं टोकन परत केल्याने सही संपत नाही.

गुगल फॉर्म आणि ड्राइव्ह. विद्यार्थ्यांचे अर्ज, परिषदेची नोंदणी, हॉस्टेलची यादी हे सगळं कुणाच्या तरी वैयक्तिक जीमेलवर उघडलेलं असतं. तो माणूस निवृत्त झाला की विद्यापीठाची माहिती त्याच्यासोबत घरी जाते, आणि तो भला माणूस असला तरी त्याचा नातू त्याच फोनवर गेम खेळतो. नवे फॉर्म विद्यापीठाच्या खात्यावरूनच उघडा, जुन्यांची मालकी हस्तांतरित करा. निवृत्तांची आणि सोडून गेलेल्यांची खाती पुढे बंद होतातच. गुगलने शैक्षणिक संस्थांची अमर्याद साठवण बंद करून संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातल्यापासून प्रशासकांना जुनी खाती साफ करणं भागच पडलंय. तुमच्या विभागाची दहा वर्षांची इतिवृत्तं अशा एखाद्या खात्यात असतील तर ती आधीच काढून घ्या.

व्हॉट्सॲप ग्रुप. ॲडमिन निवृत्त, अर्धे सदस्य बदलून गेलेले, आणि परीक्षा केंद्रांचा तपशील अजूनही तिथेच पडतो आहे. नवा ग्रुप काढणं जुना साफ करण्यापेक्षा सोपं पडतं.

कंत्राटी ऑपरेटरचं लॉगिन. कंत्राट मार्चअखेर संपतं, लॉगिन दिवाळीपर्यंत चालू असतं. लॉगिन उघडतानाच त्याची मुदत कंत्राटाच्या शेवटच्या तारखेला संपेल असं आयटी सेलला सांगायचं. मुदतवाढ मिळाली तर पुन्हा पत्र. आणि ना-देय प्रमाणपत्रावर ग्रंथालय, लेखा, भांडार यांच्या रकान्यांसोबत आयटी सेलचा रकाना वाढवून घ्या. एका ओळीच्या या बदलाने जे साधतं ते व्याख्यानांनी साधत नाही.

आणि स्वीय सहायकांबद्दल. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत नोव्हेंबर २०१८ मध्ये घुसखोरी झाली तिची सुरुवात एका वरिष्ठ अधिकाऱ्याला आलेल्या मेलने झाली. तो मेल त्या अधिकाऱ्याने पाहिलाच नव्हता. त्यांची मेलपेटी पाहण्याचा अधिकार असलेल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याने तो नुसता वाचला, लिंकवर बोटही लावलं नाही, तेवढ्यावर काम झालं. घुसखोर १९ वर्षांच्या नोंदी असलेल्या प्रणालींपर्यंत पोहोचले. विद्यापीठाने पुढे हे सगळं अहवाल काढून जाहीर सांगितलं, हे त्यांचं कौतुक. आपल्याकडे साहेबांचा मेल सहायक बघतो ही रीतच आहे आणि ती बदलणार नाही. निदान पासवर्ड देण्याऐवजी मेल प्रणालीतली प्रतिनिधीची सोय वापरा. त्यात सहायक स्वतःच्या लॉगिनने साहेबांची पेटी पाहू शकतो आणि कोण काय करतं याची नोंद वेगळी राहते. ही सोय आयटी सेलकडून चालू करून घ्यावी लागते.

पायरी पाचवी: विद्यार्थ्यांची माहिती म्हणजे आपली मालमत्ता नव्हे

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, पण सवयी बदलायला वेळ लागतो, म्हणून आजपासून सुरुवात हवी. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. तुमच्या टेबलावरची एक्सेल फाईल यात येते.

कामाच्या पद्धतीत एवढं करा. विद्यार्थ्यांकडून आधारची प्रत खरोखर लागते का ते आधी तपासा. लागत असेल तर मास्क्ड आधार घ्या, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात. यादी सूचना फलकावर किंवा संकेतस्थळावर लावताना आसन क्रमांक पुरेसा असतो. नाव, जात प्रवर्ग, मोबाइल आणि जन्मतारीख असलेली मूळ यादीच ‘पीडीएफ करून’ चढवू नका. गुणांची यादी महाविद्यालयांना पाठवायची तर विद्यापीठाच्या मेलवरून, पासवर्ड लावून, आणि पासवर्ड फोनवर सांगून.

झेरॉक्सच्या दुकानाचं काय? ऑफिसचा प्रिंटर बंद पडला की पेनड्राइव्ह घेऊन किंवा व्हॉट्सॲप वेब उघडून स्टेशनजवळच्या दुकानातून प्रती काढल्या जातात. दुकानदाराच्या संगणकावर ती फाईल राहते आणि व्हॉट्सॲप वेबही चालूच राहतं. गोपनीय काही असेल तर शेजारच्या विभागाचा प्रिंटर मागा. नाइलाज झालाच तर फाईल समोरच पुसून घ्या, ‘जोडलेली उपकरणं’ उघडून दुकानातलं लॉगिन काढून टाका, मगच पैसे द्या.

एआय साधनांबद्दल सध्या सगळीकडे गोंधळ आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधनं वापरू नका असं कळवलं होतं. तुमच्या विद्यापीठाचं धोरण काहीही असो, पत्राचा मसुदा सुधारून घेणं वेगळं आणि तक्रार निवारण समितीची टिपणी, विद्यार्थिनीचा अर्ज किंवा चौकशीचे जबाब त्यात चिकटवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला माझ्याकडून स्पष्ट नकार.

उत्तरपत्रिका तपासणीचं ऑनस्क्रीन काम मुंबई विद्यापीठात २०१७ पासून आहे, आणि परीक्षकाचं लॉगिन म्हणजे त्याची सही. ‘सर, तुमचा ओटीपी सांगा, मी पटकन तपासून टाकतो’ असं म्हणणारा कनिष्ठ सहकारी कितीही गुणी असला तरी ओटीपी द्यायचा नाही.

पायरी सहावी: यंत्रं, पेनड्राइव्ह आणि पाऊस

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा मोफत सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विभागात असे संगणक किती आहेत ते मोजा, भांडार विभागाला आणि आयटी सेलला एकच यादी द्या. नवे येईपर्यंत त्यांच्यावर बँक, सेवार्थ आणि परीक्षेची कामं करू नका. टंकलेखनापुरते ठेवा.

मराठी टंकलेखनावरून आठवलं. जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती अजूनही पेनड्राइव्हवरून या विभागातून त्या विभागात फिरतात, आणि त्यांना चालवायला अँटीव्हायरस बंद करावा लागतो. ते करू नका. शासनाने युनिकोडचा वापर कधीचाच बंधनकारक केलाय, इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये फुकट येतो, आणि तो बोटांत बसला की जुना सुटल्याचं वाईट वाटत नाही.

बॅकअप घ्यायचा म्हणजे तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या इमारतीत. मुंबईत वेगळी इमारत हा शब्द गांभीर्याने घ्यायचा असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मिठी नदीचं पाणी तळमजल्यांना नवं नाही. तळमजल्यावरच्या कपाटातली हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. एक प्रत वरच्या मजल्यावर, एक विद्यापीठाच्या क्लाउडवर आणि एक दुसऱ्या संकुलात. मे महिन्यात, पावसाआधी, त्यातली एक फाईल उघडून बघायची.

आणि बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून (नेटवर्कपासून) तोडलेली हवी. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात ऑक्टोबर २०१९ मध्ये कुणीतरी एक बनावट मेल उघडला. घुसखोर दोन महिने गुपचूप फिरत राहिले आणि २३ डिसेंबरला, सुट्ट्यांच्या तोंडावर, त्यांनी फाईली कुलूपबंद केल्या. काही बॅकअपही त्याच जाळ्यावर असल्याने त्यांच्या तावडीत सापडले. विद्यापीठाने शेवटी ३० बिटकॉइन मोजले. आपल्याकडे सुट्टीच्या तोंडावर म्हणजे गणपती आणि दिवाळी. त्या आठवड्यात आयटी सेलमध्ये कोण थांबणार, हे आधी ठरलेलं असू द्या.

पायरी सातवी: घडलंच तर, पहिल्या तासात

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन, लगेच. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. बँकेलाही त्याच वेळी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहारात तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. म्हणून लाज बाजूला ठेवून आधी फोन करायचा. ‘डिजिटल अटक’ झाली असं सांगून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं असेल तर फोन कापा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. निवृत्त प्राध्यापक याला बरेच बळी पडतात, तेव्हा निवृत्तिवेतन घेणाऱ्या आपल्या जुन्या सहकाऱ्यांना हे आवर्जून सांगा. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याच्या नावाने येणाऱ्या फोनबद्दलही.

मेल खातं गेलं असेल तर दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा, फिल्टर आणि फॉरवर्डिंग पुसा, जोडलेले अनोळखी नंबर काढा. क्रम हाच ठेवा. फक्त पासवर्ड बदलून थांबलात तर घुसखोराने जोडलेला स्वतःचा नंबर तसाच राहतो.

संगणकावर फाईली उघडेनाशा झाल्या, नावं बदलली, खंडणीची चिठ्ठी दिसली, तर नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, पण संगणक बंद करू नका आणि फॉरमॅट तर नकोच. पडद्याचा फोटो मोबाइलवर काढा. ‘आपल्या ओळखीचा एक मुलगा आहे, तो बघून देईल’ ही सूचना नम्रपणे नाकारा. त्याने यंत्राला हात लावला की पुरावा गेला.

आयटी सेलला फोन करा, आणि लगेच त्याच आशयाचं दोन ओळींचं पत्र द्या. याला कारण आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत संस्थेने सर्ट-इनला कळवायची असते. तुम्ही सकाळी अकराला पाहिलंत आणि आयटी सेलला कळवलंत दुसऱ्या दिवशी, तर ते सहा तास तुमच्या टेबलावर संपले. पत्रात वेळ, यंत्राचा जडवस्तू (डेडस्टॉक) नोंदवहीतला क्रमांक, काय दिसलं आणि तोपर्यंत काय केलं, एवढंच लिहा. कारणमीमांसा नको, कुणावर संशय नको.

गृह मंत्रालयाच्या सूचनेवरून यूजीसीने विद्यापीठांना दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस पाळायला सांगितलं आहे. बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी एक पोस्टर लागतं आणि एक फोटो अहवालात जातो. त्याऐवजी त्या बुधवारी विभागात वीस मिनिटं ही सातवी पायरी प्रत्यक्ष करून पाहा: वायर कोणती काढायची ते दाखवा, आयटी सेलचा नंबर फिरवा, तो उचलला जातो का ते बघा.

नंबर उचलला गेला नाही तर थांबू नका. पत्राची एक प्रत कुलसचिव कार्यालयाच्या आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. शिक्क्यात वेळ नसते, ती आवक लिपिकाला हाताने लिहायला सांगा. पैशांची तक्रार असेल तर पोर्टलवरून मिळालेला पोच क्रमांक त्याच प्रतीवर टिपा, आणि विभागवार असलेल्या मुंबई पोलिसांच्या सायबर ठाण्यात किंवा जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात जाताना ती प्रत, बँकेचा तक्रार क्रमांक, पडद्याचे फोटो आणि ओळखपत्र सोबत न्या. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.